प्राथमिक शाळेच्या अंदाजपत्रकात शैक्षणिक साहित्यासाठी जागा कशी काढायची: इंदूरच्या छोट्या शाळांसाठी

शाळेचे खजिनदार म्हणून तुमची नुकतीच निवड झाली असेल किंवा मुख्याध्यापिकेची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आली असेल, तर मागच्या वर्षीचं अंदाजपत्रक काढून बघा. पगार, भाडं, वीज, झेरॉक्स, गॅदरिंग, ऑडिट फी, सगळ्यांना त्यात एकेक ओळ असते. मुलांच्या हातात पडणाऱ्या वस्तूंना, म्हणजे गोष्टीच्या पुस्तकांना, मोजायच्या काड्यांना, अक्षरपत्त्यांना, तराजूला बहुतेक वेळा ओळच नसते. हा खर्च ‘स्टेशनरी’ किंवा ‘किरकोळ’मध्ये दडलेला असतो. मार्चमध्ये काही उरलं, तर घाईघाईने चार तक्ते आणले जातात.

पैसा नाही म्हणून साहित्य नाही, हे अर्धंच खरं आहे. ओळ नाही म्हणून पैसा दिसत नाही, हे उरलेलं अर्धं. वर्षाच्या सुरुवातीलाच ही ओळ घालायची आणि तिच्यात खरा पैसा आणायचा, तो कसा ते पुढे पायरीपायरीने दिलं आहे. इंदूरच्या मराठी मंडळींच्या संस्थांकडे असतात तशा शंभर-दीडशे मुलांच्या खासगी प्राथमिक शाळा मुख्यतः डोळ्यासमोर आहेत. सरकारी शाळांसाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे.

आधी हे जवळ घ्या

- मागच्या तीन वर्षांची रोकडवही आणि ऑडिट रिपोर्ट
- बिलांच्या फायली (निदान मागच्या वर्षीच्या पूर्ण)
- डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) आणि वाचनालयाचं रजिस्टर
- कार्यकारिणीच्या ठरावांची वही
- इयत्तावार पटसंख्या, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) जागांवरची मुलं वेगळी दाखवून
- बारा महिन्यांची वीजबिलं
- एक कोरी शंभर पानी वही आणि कपाटांच्या सगळ्या किल्ल्या

किल्ल्या यादीत मुद्दाम घातल्या आहेत. कारण पुढे कळेल.

१. रोकडवहीच्या आधी कपाट उघडा

जानेवारीत, गॅदरिंगची गडबड संपली की एक शनिवार राखून ठेवा. प्रत्येक वर्गाचं, ऑफिसचं आणि जिन्याखालचं कपाट उघडून वस्तू टेबलावर मांडा. दोन बाई आणि एक पालक बरोबर असले तर तीन तासांत होतं.

वहीत चार रकाने करा: वापरात आहे, आहे पण वापरात नाही, दुरुस्त होईल, गेलं. दुसरा रकाना सगळ्यात मोलाचा. गणिताची पेटी आहे, तिच्यावरचं प्लॅस्टिकही निघालेलं नाही. पृथ्वीगोल आहे, पण तो ऑफिसच्या कपाटावर, ट्रॉफ्यांच्या मागे. पुस्तकं आहेत, पण सगळी चौथी-पाचवीच्या वकुबाची, आणि पहिली-दुसरीच्या मुलांनी चित्रं बघत उलटावं असं त्यात एकही नाही.

एकच वस्तू तीन वर्गांनी वेगवेगळी विकत घेतल्याचंही याच दिवशी उघडकीला येतं. मानवी शरीराचा तक्ता तीन ठिकाणी सापडतो आणि लिटरचं माप कुठेच सापडत नाही. ही यादी हातात नसताना बाजारात गेलात, तर चौथा तक्ता घेऊन याल.

२. मागचा खर्च खऱ्या नावाने पुन्हा लिहा

रोकडवहीत ‘स्टेशनरी ४,२००’ एवढंच असतं. बिल काढून बघितलं की त्यात प्रिंटरची शाई, हजेरीपट, प्रमाणपत्रांचा जाड कागद आणि दोन खडूरंगांचे बॉक्स निघतात. ऑफिस आणि मुलं हे दोन खर्च वेगळे करा. प्रत्येक बिलापाशी एकच प्रश्न विचारायचा: ही वस्तू मुलाच्या हातात गेली का?

मागच्या वर्षाची बिलं अशी चाळायला दोन दुपारी लागतात. हे काम सी.ए.वर टाकू नका. बिलातली वस्तू वर्गात गेली की ऑफिसात राहिली, हे त्यांना कळायला मार्ग नाही.

इंदूरच्या संस्थांत इतिवृत्त बऱ्याचदा मराठीत आणि ऑडिट हिंदीत असतं. म्हणून नव्या शीर्षाचं नाव दोन्हीकडे चालेल असं ठेवा: ‘शैक्षणिक साहित्य’. ‘साहित्य’ एवढंच लिहिलं, तर वर्षाअखेर त्यात कुणीतरी बांधकामाचं साहित्यही घालतं.

३. आकडा मुलामागे ठरवा

‘यंदा जरा जास्त ठेवू’ असं म्हणून काही होत नाही. मुलामागे रक्कम ठरवा आणि पटाने गुणा. छोट्या शाळेला पहिल्या वर्षी मुलामागे २५० रुपये हा झेपणारा आकडा आहे. १४० मुलांना ३५,००० रुपये झाले.

समजा, शाळेचं वर्षाचं उत्पन्न १२ लाख आहे आणि खर्च असा आहे: पगार ८,४०,०००, भाडं आणि दुरुस्ती १,२०,०००, वीज-पाणी-फोन ५४,०००, झेरॉक्स-स्टेशनरी-परीक्षा ६६,०००, कार्यक्रम ६०,०००, सफाई ३०,०००, किरकोळ ३०,०००. बेरीज बरोबर १२ लाख, म्हणजे कागदावर जागाच नाही. ३५,००० हे उत्पन्नाच्या तीन टक्क्यांहून थोडे कमीच आहेत. ते काढायचे आहेत, पगाराला हात न लावता. बाईंचा पगार कापून आणलेलं साहित्य वापरायला बाई टिकत नाहीत.

आरटीईच्या जागांवरच्या मुलांची प्रतिपूर्ती सरकारकडून यायची असते. ती रक्कम खात्यावर जमा होईपर्यंत या हिशेबात धरू नका. साहित्य मात्र त्या मुलांसाठीही मोजायचं. गुणाकार पूर्ण पटाचा करायचा.

४. पैसा कुठून निघतो

*झेरॉक्स.* इथून सगळ्यात लवकर निघतो. १४० मुलं, आठवड्याला तीन वर्कशीट, ३६ आठवडे, म्हणजे १५,१२० पानं. पानाला दीड रुपया धरला तर २२,६८० रुपये. यातली निम्मी पानं सरावाची असतात: बेरीज, जोड्या लावा, अक्षर गिरवा. ती एकदाच जाड कागदावर छापा, पारदर्शक प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घाला आणि व्हाइटबोर्ड मार्करने सोडवून घ्या. पुसलं की पान पुन्हा कोरं. ६० फोल्डर आणि ३० मार्करना साधारण हजार रुपये लागतात. वर्षाचे दहा हजार तरी वाचतात.

दोन गोष्टी बिघडतात. मार्कर रात्रभर राहिला की डाग धरतो, म्हणून त्याच तासाला पुसायचं. डाग राहिलाच तर त्यावर त्याच मार्करने पुन्हा गिरवून लगेच पुसा, दोन्ही निघतात. दुसरं म्हणजे पुसलेलं काम पालकांना दिसत नाही आणि ‘शाळेत काही करून घेत नाहीत’ अशी तक्रार येते. त्यासाठी आठवड्यातलं एक पान वहीत राहू द्या.

*कार्यक्रम.* ६०,००० मधले किती रुपये पाहुण्यांच्या स्मृतिचिन्हांवर, शालींवर आणि एका संध्याकाळपुरत्या फ्लेक्सवर जातात, ते बिलांत दिसेल. गॅदरिंग कमी करायची गरज नाही, मुलांना ते हवंच असतं. फ्लेक्सवर साल छापू नका, तोच तीन वर्षं चालतो. पाहुण्यांना पुस्तक द्या. मुलांना ढालींऐवजी गोष्टीचं पुस्तक बक्षीस द्या. १२,००० इथून निघतात. कार्यकारिणीत सर्वांत जास्त चर्चा याच मुद्द्यावर होते, तेव्हा बिलं बरोबर न्या.

*किरकोळ.* ३०,००० ची एक ओळ म्हणजे ३०,००० चा अंधार. तीन वर्षांची बिलं लावून बघा. दरवर्षी येणारे खर्च त्यांच्या त्यांच्या शीर्षाखाली गेले की ८,००० मोकळे होणं अवघड नाही.

*घाऊक खरेदी.* खडू, डस्टर, हजेरीपट, साबण, फिनेल हे महिन्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून घेण्याऐवजी सहामाहीला सियागंजातून एकदम घेतलं तर ३,००० पर्यंत फरक पडतो. खडू मात्र पावसाळ्यात ओल धरतो, म्हणून झाकणाच्या डब्यात ठेवा.

*रद्दी.* जुनी वर्तमानपत्रं, मुदत संपलेल्या उत्तरपत्रिका, जुने पुठ्ठे. साधारण २,०००. पावती घ्या आणि जमा दाखवा. रद्दीचे पैसे चहाला गेले की पुढच्या वर्षी रद्दीही गायब होते.

बेरीज: १०,००० + १२,००० + ८,००० + ३,००० + २,००० = ३५,०००.

*वीज* मी या बेरजेत धरलेली नाही, आणि त्याचं कारण समजून घ्या. चोक असलेल्या जुन्या २० ट्यूब बदलून २० वॅटच्या एलईडी लावल्या, तर प्रत्येकीमागे ३२ वॅट वाचतात. रोज चार तास, २१० दिवस, म्हणजे वर्षाला ५३७ युनिट. आठ रुपये युनिट धरलं तर ४,३०० रुपये. नव्या ट्यूबना जवळपास ५,००० लागतात, तेव्हा पहिल्या वर्षी हाती काही लागत नाही, दुसऱ्या वर्षापासून लागतं. जरूर करा. पंख्यांचं गणित वेगळं आहे. ७५ वॅटचे १२ पंखे काढून ३० वॅटचे लावले, तर रोज पाच तासांप्रमाणे वर्षाला ५६७ युनिट वाचतात, पण खर्च ३०,००० च्या वर जातो. पैसे फिटायला सात वर्षं. चांगले पंखे काढू नका, जळेल तसा एकेक बदला.

५. ठराव करून घ्या, आणि तो नीट लिहा

तोंडी होकार ऑगस्टपर्यंतच टिकतो. मध्यप्रदेशात शाळेचं सत्र आणि आर्थिक वर्ष दोन्ही एप्रिलमध्ये सुरू होतात. तेव्हा फेब्रुवारीच्या बैठकीत विषय घ्या. रंगपंचमीची गेर (मिरवणूक) जवळ आली की कोरम जमत नाही.

ठरावाचा मसुदा असा चालेल:

“सर्वानुमते ठरले की, येत्या आर्थिक वर्षापासून अंदाजपत्रकात ‘शैक्षणिक साहित्य’ हे स्वतंत्र शीर्ष उघडावे. त्यात प्रतिविद्यार्थी रु. २५० प्रमाणे रु. ३५,००० ची तरतूद करावी. ही रक्कम अन्य शीर्षाकडे वळवावयाची झाल्यास कार्यकारिणीची पूर्वमंजुरी घ्यावी. रु. १,००० पर्यंतची खरेदी मुख्याध्यापिकांनी आपल्या अधिकारात करावी. वापरात झिजलेले अथवा फाटलेले साहित्य, शीर्षाच्या १० टक्के मर्यादेत, मुख्याध्यापिकांच्या सहीने नोंदवहीतून कमी करावे.”

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. हजार रुपयांचा अधिकार नसेल तर रबरबँडच्या पाकिटासाठीही महिनाभर सहीची वाट बघावी लागते. शेवटच्या वाक्याबद्दल आठव्या पायरीत सांगितलं आहे.

६. काय घ्यायचं, किती, कुठून

३५,००० ची वाटणी पहिल्या वर्षी अशी करा: पुस्तकं १४,०००, गणिताचं साहित्य ८,०००, भाषेचं ४,०००, संपणाऱ्या वस्तू (रंग, कागद, डिंक, चिकणमाती) ५,०००, ठेवण्याची सोय आणि दुरुस्ती ४,०००. शेवटचा आकडा पाहून लोक भुवया उंचावतात. पण डबे, टोपल्या आणि खालच्या उंचीच्या फळ्या नसतील, तर बाकीचे ३१,००० पुन्हा कपाटात जातात.

*पुस्तकं.* सरासरी ६० रुपयांनी २३० पुस्तकं होतात. हिंदी माध्यमाच्या शाळेत १३० हिंदी, ६० मराठी, ४० इंग्रजी असं धरा. घरी मराठी आणि शाळेत हिंदी अशी मुलं इंदूरात वर्गावर्गात आहेत. मराठी गोष्टीचं पुस्तक घरी गेलं की आजी-आजोबाही वाचायला बसतात. नॅशनल बुक ट्रस्ट आणि भोपाळच्या एकलव्यची पुस्तकं स्वस्त आणि चांगली असतात. नुकतं वाचू लागलेल्या मुलांसाठी एनसीईआरटीची ‘बरखा’ मालिका आहे: चार पातळ्या, चाळीस छोट्या पुस्तिका. मराठीत बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे. खजूरी बाजारात पुस्तकं मिळतात, पण तिथला भर अभ्यासक्रमावर, तेव्हा गोष्टीची पुस्तकं प्रकाशकाकडून थेट मागवलेली बरी.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत मिळतात आणि छापायची परवानगीही असते. अट एवढीच, लेखक-चित्रकारांची नावं असलेलं पान छापायचं. सोळा पानांची गोष्ट ए-फोरच्या चार कागदांवर पाठपोट बसते, मधून दुमडली की पुस्तिका तयार.

पिनांची पुस्तकं मुलांच्या हातात पंधरा दिवसांत मधून सुटतात, कारण सगळा ताण दोन पिनांवर येतो. नवं पुस्तक आलं की घडीवर तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने एक टाका घाला. सुई मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, मधल्यातून परत बाहेर, आणि उभ्या दोऱ्यावरून गाठ. पालकांची एक दुपार आणि पन्नास पुस्तकं. कव्हर तपकिरी कागदाचं घालू नका, मूल पुस्तक चित्र बघून निवडतं.

*गणित.* तीस मुलांच्या वर्गाला पाचपाचांचे सहा गट धरा. प्रत्येक गटाला शंभर आइस्क्रीमच्या काड्या, ० ते ९ चे पत्ते दोन जोड, दोन फासे आणि खोट्या नोटा-नाण्यांचं एक पाकीट. काड्या ६०० लागतात, ६६० घ्या, दहा टक्के हरवतातच. दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधू नका. इंदूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात रबर चिकट होऊन काडीला बसतं आणि जूनमध्ये तुकडे पडतात. एम.टी. क्लॉथ मार्केटात कापडाची कतरन मिळते, तिच्या पट्ट्या वापरा. मूल गाठ सोडतं तेव्हा दशक सुटून दहा एकक झाले, हे त्याच्या बोटांना कळतं. वर्गाला एक तराजू आणि लिटर, अर्धा लिटर, २०० मिलिची मापं पुरे. ती बर्तन बाजारात मिळतील.

चिंचोके आणि बाटल्यांची झाकणं विकत घ्यायची नाहीत. इंदूरात ओला-सुका कचरा घरीच वेगळा होतो, त्यामुळे पालकांना फक्त सांगायचं: महिनाभर पाण्याच्या, सरबताच्या बाटल्यांची झाकणं धुऊन पाठवा. घरटी दहा आली तरी १,४०० होतात. औषधांच्या आणि फिनेलच्या बाटल्यांची नकोत. चिंचोके दोन दिवस कडक उन्हात वाळवून कडुलिंबाच्या पाल्यासकट डब्यात भरा, नाहीतर पावसाळ्यात भुंगे पडतात. शिशुवर्गात मात्र चिंचोके, मणी, खडे देऊ नका. ते तोंडात-नाकात जातात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला बिया, खडे, शंख-शिंपले यांतूनच बालशिक्षणाचं साहित्य उभं केलं. अशा वस्तू स्वस्त असतात हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या मुलाच्या ओळखीच्या असतात. झाकणांना ‘जुगाड’ म्हणून कमी लेखणाऱ्या सदस्यांना हे सांगा.

*भाषा.* बाजारातले अक्षरपत्ते हिंदीसाठी छापलेले असतात. त्यांत बहुधा ‘ळ’ नसतो, आणि ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. मराठी घरच्या मुलाला ‘बाळ’ आणि ‘शाळा’ जुळवायचं असेल तर संच घरीच करा. मराठी वळणाचे ल-श असलेला फॉन्ट, ३०० जीएसएमचा कार्ड पेपर, काना-मात्रा-वेलांट्यांचे पत्ते वेगळ्या रंगात. ‘ा’ आणि ‘क’, ‘र’, ‘स’ जास्त लागतात, ते चारचार.

लॅमिनेशनमध्ये एक चूक सगळेच करतात. मोठा कागद लॅमिनेट करून मग कापतात. कापलेल्या कडेने ओल आत जाते आणि महिन्यात थर सुटतात. आधी पत्ते कापा, मध्ये सहा-सात मिलिमीटर अंतर ठेवून लॅमिनेट करा आणि कापताना प्रत्येकाभोवती तीन मिलिमीटर प्लॅस्टिकची कड राहू द्या. कोपरे गोल करा, टोकदार कोपरा हाताला लागतो आणि उलतोही आधी तोच.

७. बिल आणि कर

५,००० रुपयांवरच्या खरेदीला तीन दरपत्रकं घ्या. कायद्याने सांगितलं नसलं तरी पुढच्या खजिनदाराला उत्तर देणं सोपं जातं.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, शार्पनर, खोडरबर, खडूरंग, नकाशे आणि पृथ्वीगोल यांवरचाही जीएसटी शून्य झाला. कंपासपेट्या, रंगपेट्या आणि इलेक्ट्रॉनिक नसलेली खेळणी १२ वरून ५ टक्क्यांवर आली. बिलात जुना दर लावलेला नाही ना, ते बघा. शिक्षणावर जीएसटी नसल्याने शाळेला भरलेला कर वळता करून घेता येत नाही. जास्त गेलेला रुपया गेलाच.

एका दिवसात एकाच दुकानदाराला १०,००० रुपयांहून जास्त रोख देऊ नका. संस्थेच्या आयकराच्या हिशेबात तो खर्च धरला जात नाही. पुस्तकांचे १४,००० चेकने किंवा खात्यावरून द्या.

आणि हा भार पालकांवर ढकलण्याचा सोपा रस्ता घेऊ नका. मध्यप्रदेशात खासगी शाळांच्या फीबाबतचा कायदा २०१७ चा आहे. पालकांना ठरावीक दुकानातूनच पुस्तकं-गणवेश घ्यायला लावणं त्याच्या नियमांत बसत नाही. आरटीईच्या मुलांकडून तर ‘मटेरियल फी’ घेताच येत नाही.

८. फाटणं आणि हरवणं आधीच मान्य करा

सगळी शिस्त पाळूनही साहित्य कपाटात का राहतं, याचं उत्तर रजिस्टरमध्ये आहे. ज्या बाईंच्या नावावर पुस्तकं चढवली, त्यांनाच हरवलेल्या पुस्तकाचे पैसे भरायला लावलं, की कपाटाला कुलूप लागतं. बाईंचा दोष नाही. आठ-नऊ हजार पगारात चार पुस्तकांची भरपाई कोण ओढवून घेईल? मग शाळेकडे २३० पुस्तकं आहेत असं रजिस्टर सांगतं, आणि मुलांना त्यातली दहासुद्धा माहीत नसतात.

म्हणून ठरावातलं ते दहा टक्क्यांचं वाक्य. वर्षाला २३ पुस्तकं फाटली-हरवली, तर मुख्याध्यापिका एका सहीने ती कमी करतील आणि कुणाकडून एक रुपयाही घेतला जाणार नाही. हे बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा, शिक्षकांच्या समोर. टिकाऊ वस्तू (तराजू, पृथ्वीगोल) डेड स्टॉकमध्ये आणि संपणाऱ्या वस्तू वेगळ्या वहीत लिहा. काड्या डेड स्टॉकमध्ये चढवल्या तर ऑडिटच्या वेळी कुणालातरी ६६० काड्या मोजत बसावं लागतं.

पुस्तकं फळीवर पाठमोरी उभी करण्याऐवजी भिंतीला दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांना लावा, जमिनीपासून साधारण ९० सेंटिमीटरवर, मुखपृष्ठ समोर. एका दोरीवर पंधरा. दर सोमवारी बदला. घरी नेण्याची नोंद दुसरीपासूनची मुलं स्वतः करू शकतात: नाव, पुस्तकाचा नंबर, तारीख. पहिलीच्या मुलांनी नावासमोर नंबर लिहिला तरी पुरे.

९. सरकारी शाळेत असाल तर

समग्र शिक्षा योजनेत शाळेला एकत्रित शाळा अनुदान पटानुसार मिळतं: ३० मुलांपर्यंत १०,०००, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,००० आणि १,००० पर्यंत ७५,००० रुपये. त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. उरलेल्यात वीज, रंगरंगोटी आणि दुरुस्तीबरोबर शिकवण्याचं साहित्यही बसतं, आणि ते कुणी मागितलं नाही तर रंगरंगोटीच जिंकते. प्राथमिक शाळेच्या वाचनालयासाठी ५,००० आणि खेळासाठी ५,००० वेगळे असतात. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानासाठी मुलामागे ५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. या कमाल मर्यादा आहेत. तुमच्या शाळेला यंदा काय मंजूर झालं, ते जनशिक्षकांकडून (शाळागटाच्या समन्वयकांकडून) किंवा बीआरसी (विकासखंड स्रोत केंद्र) कार्यालयातून लेखी घ्या.

खर्च शाला प्रबंधन समितीच्या ठरावाने होतो. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण निम्म्या महिला. त्यांना कपाटाची यादी दाखवा, अनुदानाचं परिपत्रक नुसतं वाचून दाखवू नका. खर्चाची मर्यादा ऑनलाइन येते आणि ३१ मार्चला संपते. म्हणून मागणीची यादी आणि दरपत्रकं जुलैतच फाइलला लावून ठेवा. मर्यादा फेब्रुवारीत उघडली तरी आठ दिवसांत खरेदी होते. यादी नसलेल्या शाळा त्याच आठ दिवसांत जे समोर येईल ते घेतात.

१०. देणगीबद्दल थोडं

साहित्याची नेहमीची ओळ देणगीवर उभी करू नका. देणगी जादा गोष्टींसाठी ठेवा. माजी विद्यार्थ्यांकडे ‘मदत करा’ म्हणून जाण्यापेक्षा ‘दुसरीच्या वर्गाला तीस पुस्तकं, १,८०० रुपये’ अशी चिठ्ठी द्या. संस्थेकडे देणगीदाराला करसवलत देणारी (८०जी) नोंदणी असेल तर २,००० रुपयांवरची रक्कम रोख घेऊ नका, देणाऱ्याला करात सवलत मिळत नाही. जुनी पुस्तकं घेताना ‘काहीही चालेल’ म्हणू नका. गेल्या दशकातली गाइडं येतात आणि त्यांची रद्दी तुम्हालाच उचलावी लागते.

वर्षभराच्या तारखा

जानेवारीत कपाटं. फेब्रुवारीत ठराव. एप्रिलमध्ये ३५,००० पैकी २०,००० ची खरेदी, म्हणजे जूनला वर्ग उघडताना वस्तू जागेवर असतील. ऑगस्टअखेर घरी नेण्याची वही आणि संपणाऱ्या वस्तूंची वही समोर ठेवून अर्धा तास बसा. कुठल्या पुस्तकांची पानं मळली, कुठली अजून करकरीत आहेत, कुठल्या वर्गाचे काड्यांचे गठ्ठे एकदाही सुटले नाहीत, ते बघा. १०,००० दिवाळीनंतर, मळलेल्या पुस्तकांसारखी आणखी पुस्तकं घ्यायला. उरलेले ५,००० जानेवारीच्या कपाट-शनिवारपर्यंत हातात ठेवा आणि त्या दिवशी जे नाही असं दिसेल, तेच घ्या.